जुन्या गाडीचा एसी दर उन्हाळ्यात गॅस का मागतो?

प्रश्न थोडक्यात असा: गाडी २००८ ची ऑल्टो, मुक्काम रत्नागिरी. दर मार्चमध्ये एसीचा गॅस भरायचा आणि मे संपायच्या आत हवा पुन्हा कोमट. एक मेकॅनिक म्हणतो कूलिंग कॉइल गेली, दुसरा म्हणतो कॉम्प्रेसर गेला, तिसऱ्याने गळती आतून बुजवणारं औषध टाकायला सांगितलंय. कुणाचं ऐकायचं आणि इतक्या जुन्या गाडीवर खर्च करावा का, हे तुम्हाला हवंय. मी कोल्हापुरात गाड्यांच्या एसीचंच काम करतो आणि घाट चढून येणाऱ्या कोकणातल्या गाड्या बारमाही बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आत्ता तिघांपैकी कुणाचंच ऐकू नका. गळती नेमकी कुठे आहे हे जो तुम्हाला बोट ठेवून दाखवेल, त्याचं ऐका. न दाखवता पार्ट सांगणारा माणूस अंदाज सांगतोय, आणि त्या अंदाजाचे पैसे तुम्ही भरणार आहात.

आधी एक गैरसमज काढून टाकू. एसीचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरतो: कॉम्प्रेसर दाबतो, पुढच्या कंडेन्सरमध्ये गार होऊन त्याचं द्रव होतं, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून तो कूलिंग कॉइलमध्ये सुटतो, तिथे केबिनची उष्णता घेऊन उकळतो आणि परत कॉम्प्रेसरकडे जातो. कमी झाला म्हणजे बाहेर गेला, दुसरा मार्गच नाही. रबरी होजमधून आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्टच्या सीलमधून थोडा गॅस निरोगी गाडीतही झिरपतो. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमाने हा गॅस वापरणाऱ्या एका कूलिंग कॉइलच्या गाडीला वर्षाला जास्तीत जास्त ४० ग्रॅमची मर्यादा घातली होती. त्या हिशेबाने चार-पाच वर्षांनी एकदा गॅस भरावा लागला तर मी त्याला रोग म्हणणार नाही. तुमची गाडी तीन महिन्यांत रिकामी होते. तिथे ठळक गळती आहे, आणि ठळक गळती सापडतेच.

आणखी एक कारण आहे ज्यासाठी मी नुसतं टॉप-अप करायला नकार देतो. या गाड्यांतला आर-१३४ए गॅस ओझोनला घातक नसला तरी तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट भारी आहे. ४५० ग्रॅमचा एक डबा हवेत गेला की साधारण ६४० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. एवढा धूर निघायला पावणेतीनशे लिटरच्या आसपास पेट्रोल जाळावं लागेल. म्हणजे बऱ्याच घरातल्या गाडीच्या अर्ध्या वर्षाच्या पेट्रोलइतकं नुकसान एका डब्यात. असे गॅस कमी करत नेण्याच्या आंतरराष्ट्रीय किगाली करारानुसार भारतातही या गॅसांच्या वापरावर २०२८ पासून मर्यादा येणार आहे. दर वर्षी एक डबा हवेत सोडत राहणं मला पटत नाही.

गाडीचं नुकसान वेगळंच. कॉम्प्रेसरला वंगण देणारं तेल गॅसबरोबरच फिरतं. गॅस अर्ध्यावर आला की तेल परत येणं मंदावतं, कॉम्प्रेसर कोरडा पडतो, आतला धातू झिजून त्याचा कीस सगळ्या नळ्यांत पसरतो. गळती एका ओ-रिंगची, म्हणजे जोडातल्या रबरी कड्याची असते आणि दोन उन्हाळ्यांनी बिल कॉम्प्रेसर, कंडेन्सर, ड्रायर (ओल शोषणारी डबी) आणि व्हॉल्व्हचं येतं. हवा कोमट झाली की एसीचं बटण बंद ठेवा. "थोडी तरी गार येतेय" म्हणून चालवत राहणं हेच महागात पडतं.

आता गळती कशी शोधायची ते सांगतो. त्याआधी एक खात्री करून घ्या. डाव्या सीटच्या पायाशी पाणी साचत असेल, तर ते वेगळं दुखणं. कूलिंग कॉइलवर हवेतली वाफ थिजून पाणी होतं आणि ते एका छोट्या रबरी नळीतून गाडीखाली पडतं. ती नळी पालापाचोळ्याने तुंबली की पाणी आत येतं. नळी साफ केली की काम झालं, गॅसशी त्याचा संबंध नाही. उभ्या गाडीखाली एसी चालू असताना स्वच्छ पाणी ठिबकतं, ते तर एसी नीट चालल्याचं लक्षण. आणि पायाशी पडलेलं पाणी चिकट, गोडसर वासाचं असेल, तर तो हीटरचा कूलंट आहे. तीन गळत्या, तीन वेगळी कामं.

गॅसच्या गळतीचा पहिला साक्षीदार डोळे. गॅस दिसत नाही, पण बाहेर पडताना तो तेल घेऊन येतो आणि त्या तेलावर धूळ बसते. बॉनेट उघडून चांगल्या टॉर्चने प्रत्येक जोड बघा. बाकी पाइप कोरडा, राखाडी धुळीचा, आणि एका जोडाभोवती मात्र काळपट ओलसर कडं असेल, तर बोट फिरवून बघा. बोटाला तुळतुळीत लागलं तर तो जोड संशयित. रबरी होज जिथे ॲल्युमिनियमच्या टोपीत दाबून बसवलेला असतो तिथे, पाइप बॉडीच्या पट्टीला घासतो तिथे, आणि कॉम्प्रेसरवरच्या दोन पाइपांच्या मुळाशी हटकून बघा. कॉम्प्रेसरचं शाफ्ट सील गेलं असेल तर ते स्वतःच सांगतं: कॉम्प्रेसरच्या तोंडावरचा क्लच फिरताना तेल बाहेर उडतं आणि पट्ट्याच्या रेषेत, बॉनेटच्या आतल्या बाजूला तेलकट आडवी रेघ उमटते. तशी रेघ नसताना, क्लचचा पुढचा भाग कोरडा असताना कुणी कॉम्प्रेसर गेला म्हणत असेल, तर कशावरून ते विचारा.

त्यानंतर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित जागा: गॅस भरायच्या दोन नळ्यांमधल्या व्हॉल्व्हच्या पिना. सायकलच्या व्हॉल्व्हसारखीच ही छोटी पिन असते. तिचं रबर वयाने कडक होतं आणि तिथून बारीक गळत राहतं. वर जी प्लॅस्टिकची टोपी असते तिच्या आत ओ-रिंग असते, ती टोपी म्हणजे दुसरी कडी आहे. तुमच्या गाडीवर दोन्ही टोप्या आहेत का ते आत्ता जाऊन बघा. दर वर्षी गॅस भरणाऱ्या गाड्यांत निदान एक टोपी हरवलेली असतेच. पिनेच्या खळग्यात साबणाच्या पाण्याचे दोन थेंब टाका आणि दोन-तीन मिनिटं बघत राहा. हळूहळू फुगणारा एक बुडबुडासुद्धा उन्हाळ्याभरात डबा रिकामा करायला पुरतो.

इथवरचं तुम्ही घरी करू शकता. पुढचं काम दुकानातलं आहे, पण ते कसं व्हायला हवं हे माहीत असेल तर दुकान निवडता येईल.

दुकानात गेल्यावर बहुतेक जण आधी गेज लावतात आणि इंजिन बंद असताना आकडा दाखवून म्हणतात, "प्रेशर तर बरोबर आहे." हा आकडा फसवा आहे. आत द्रवाचा थोडा जरी साठा शिल्लक असेल, तर बंद गाडीतलं प्रेशर किती गॅस आहे यावर ठरत नाही, बाहेर किती तापमान आहे यावर ठरतं. आर-१३४एचं प्रेशर २५ अंशाला साधारण ८२ पीएसआय, ३० अंशाला ९७ आणि ३५ अंशाला ११४ असतं. आत ४०० ग्रॅम असो की २०० ग्रॅम, आकडा तोच. आत किती उरलाय हे कळायचा एकच खात्रीचा मार्ग: रिकव्हरी मशीनने गॅस बाहेर काढून वजन करणं. बॉनेटखालच्या स्टिकरवर समजा ४०० ग्रॅम लिहिलंय आणि तीन महिन्यांपूर्वी भरलेल्या गाडीतून १५० निघाले, तर अडीचशे ग्रॅम गेले. गळती केवढी आहे ते कळलं की कुठे शोधायचं त्याचीही दिशा मिळते. रिकव्हरी मशीन नसलेली दुकानं नळी उघडून गॅस हवेत सोडून देतात. तशा दुकानात मी माझी गाडी देणार नाही.

दुसरी फसवी परीक्षा व्हॅक्यूमची. पंप लावून नळ्यांतली हवा काढतात, काटा अर्धा तास जागेवर राहिला की "लीकेज नाही" म्हणतात. व्हॅक्यूममध्ये बाहेरून आत जास्तीत जास्त १४.७ पीएसआयचा दाब येतो, तोही उलट्या दिशेने. एसी चालताना हाय साइडला, म्हणजे कॉम्प्रेसरपासून व्हॉल्व्हपर्यंतच्या जास्त दाबाच्या बाजूला, दीडशे ते अडीचशे पीएसआय असतात आणि ते आतून बाहेर ढकलतात. पुष्कळदा व्हॅक्यूममुळे ओ-रिंग उलट घट्ट बसते. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर शोधायला आपण ट्यूब फुगवून पाण्यात धरतो, हवा काढून घेऊन नाही. इथेही तेच. व्हॅक्यूम लागतोच, पण तो आतली वाफ आणि हवा काढायला. गळती नाही याचं प्रमाणपत्र म्हणून तो चालत नाही.

यात आपल्या भागापुरती एक भर घालतो. रत्नागिरीत समुद्रसपाटीला पूर्ण व्हॅक्यूमवर काटा (तो पाऱ्याच्या इंचांत मोजतो) ३० इंचांच्या जवळ जातो. कोल्हापूर किंवा पुण्यात, साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर, तो २८ च्या पुढे जाणारच नाही. पंप चांगला असूनही "व्हॅक्यूम पूर्ण होत नाही, म्हणजे लीकेज आहे" असं सांगून गिऱ्हाइकाला घाबरवलेलं मी पाहिलंय.

खरी परीक्षा नायट्रोजनची. गॅस काढून घेतल्यावर कोरडा नायट्रोजन १५० पीएसआयच्या आसपास भरायचा, सगळ्या जोडांवर साबणाचा फेस लावायचा, आणि गाडी तशीच काही तास, जमलं तर रात्रभर ठेवायची. नायट्रोजनच्या सिलिंडरमध्ये दीडशे बारपर्यंत दाब असतो, म्हणून रेग्युलेटरशिवाय तो लावणं म्हणजे जिवाशी खेळ. टायरच्या कॉम्प्रेसरची हवा चालत नाही, कारण तिच्यात ओल असते आणि आर-१३४ए दाबाखाली हवेत मिसळला तर पेटू शकतो. ऑक्सिजन तर कधीच नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट. सकाळी काटा बघताना थंडीचा हिशेब धरा: तापमान १० अंशांनी उतरलं की १५० चे १४५ आपोआप होतात. त्याहून जास्त उतरलं तर गळती.

आता तुमच्या प्रश्नाचं मर्म: कॉइल की बाकी काही? याचा निकाल लावायची सोपी रीत आहे. इंजिनमागच्या पत्र्यातून कूलिंग कॉइलकडे जाणारे दोन पाइप सोडवायचे, तिथे बंद करायच्या पट्ट्या लावायच्या आणि कॉइलमध्ये वेगळा, बाकीच्या नळ्यांमध्ये वेगळा नायट्रोजन भरायचा. ज्या बाजूचा काटा उतरेल ती बाजू दोषी. अर्ध्या तासाचं जास्तीचं काम आहे, पण त्यानंतर अंदाजाला जागा उरत नाही.

त्याच्या आधी, गॅस आत असतानाच, इलेक्ट्रॉनिक लीक डिटेक्टरने कॉइलचा वास घेता येतो. एसी थोडा वेळ चालवायचा, इंजिन आणि ब्लोअर दोन्ही बंद करायचे, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं आणि मग यंत्राची सोंड पाणी पडायच्या नळीच्या तोंडाशी धरायची. आर-१३४ए हवेपेक्षा साडेतीन पट जड असल्याने कॉइलमधून निघालेला गॅस खाली साचतो आणि त्याच नळीवाटे उतरतो. सोंड ओली होऊ देऊ नका, पेट्रोलच्या वाफेजवळ नेऊ नका, नाहीतर यंत्र उगाच ओरडतं. दुकानातला पंखा बंद हवा. बाहेरच्या जोडांवर सोंड नेहमी खालच्या बाजूने, अगदी सावकाश फिरवायची. जो माणूस दोन मिनिटांत सगळ्या इंजिनावरून यंत्र फिरवून मोकळा होतो, त्याला काहीच सापडलेलं नसतं. आणि यंत्राला वास यायला आत पुरेसा गॅस लागतो, बंद गाडीत निदान ५० पीएसआय. रिकाम्या गाडीवर यंत्र फिरवणं व्यर्थ.

यूव्ही रंग हा तिसरा मार्ग. तेलात रंग मिसळायचा, गाडी आठवडाभर वापरायची आणि रात्री यूव्ही टॉर्चने बघायचं. गळतीच्या जागी पोपटी-पिवळं चमकतं. बाहेरच्या गळत्यांना हे उत्तम. कॉइलच्या बाबतीत पाण्याबरोबर रंग धुऊन जातो, तरी पाण्याच्या नळीच्या टोकाशी पोपटी डाग दिसला तर शंका उरत नाही.

आता बाहेरच्या गाड्यांपेक्षा कोकणातली गाडी वेगळी का, ते सांगतो. तिथे दोन जागा लवकर जातात. पहिली कंडेन्सर. तो रेडिएटरच्या पुढे, अगदी ग्रिलमागे उघडा असतो. खारी हवा आणि चिखल जाळ्यांत अडकून राहतो आणि खालच्या कोपऱ्यात पापुद्रे सुटायला लागतात. खालच्या ओळींतली जाळी बोट लावताच भुकटी होत असेल, तर त्या नळ्यांचे दिवस भरलेत. दुसरी जागा कूलिंग कॉइल. जुन्या बऱ्याच गाड्यांत केबिन फिल्टरच नसतो, त्यामुळे काचेखालच्या जाळीतून आंबा-फणसाच्या पानांचा चुरा, धूळ आणि खारट ओल थेट कॉइलवर बसते. चार महिने पावसाळा, ती ओल सुकतच नाही. ॲल्युमिनियमला बारीक बारीक खड्डे पडतात. म्हणून तुमच्या पहिल्या मेकॅनिकचा अंदाज चुकीचा असेलच असं मी म्हणत नाही. त्याने तो सिद्ध करावा एवढंच.

कॉइलच निघाली, तर एक दिलासा आहे. त्या काळच्या लहान मारुतींत कूलिंग युनिट ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतं आणि बहुधा सगळा डॅशबोर्ड न उतरवता बाहेर येतं. पूर्ण डॅशबोर्ड खोलण्याची मजुरी कुणी सांगितली, तर का ते विचारा. कॉइल बाहेर आली की दोन्ही तोंडं बंद करून, नायट्रोजन भरून ती पाण्याच्या बादलीत बुडवायला सांगा आणि स्वतः समोर उभे राहा. बुडबुडे दिसले तरच नवीन कॉइलचे पैसे द्या. कॉइल जोडून घेण्याच्या भानगडीत पडू नका. पूर्वीच्या तांब्याच्या नळ्यांच्या कॉइल गॅसकामाने जोडता यायच्या, तिथून ही सवय आली. आताच्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांची भिंत इतकी पातळ असते की एक छिद्र बुजवेपर्यंत शेजारचं उघडतं. कंडेन्सरच्या चपट्या नळ्यांचंही तसंच. जाड ॲल्युमिनियम पाइप मात्र आर्गन वेल्डिंगने चांगला जोडला जातो आणि वर्षानुवर्षं टिकतो. घासून भोक पडलेला पाइप असेल तर खुशाल वेल्डिंग करून घ्या, फक्त आधी आतला गॅस आणि तेल पूर्ण काढलेलं हवं. आर-१३४ए आगीत गेला की अतिशय विषारी आम्लवायू तयार होतो. याच कारणाने काडी पेटवून गळती बघण्याचा खेळ कुणी करू नये. एम-सीलसारखी लांबी तर विचारातसुद्धा घेऊ नका. उन्हाळ्यातल्या हाय साइडच्या दाबापुढे आणि इंजिनाच्या हादऱ्यापुढे ती टिकत नाही.

तिसऱ्याने सुचवलेल्या औषधाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. ते आतून फिरतं आणि जिथे हवा-ओल लागेल तिथे घट्ट होतं. आत थोडी जरी ओल उरली असेल, तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातच घट्ट होतं. रिकव्हरी मशीनची नळीही त्याने तुंबते, म्हणून माझ्यासारखे कामगार अशी गाडी मशीनला लावत नाहीत. आणि जी कॉइल गंजून चाळण होत आलीय, तिला ते किती दिवस धरणार? औषध आधीच टाकलं असेल, तर पुढच्या मेकॅनिकला न विसरता सांगा.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे स्वस्त गॅस. काही ठिकाणी आर-१३४एच्या नावाखाली ज्वलनशील हायड्रोकार्बनचं मिश्रण भरतात. गार चांगलं करतं, म्हणून गिऱ्हाईक खूश असतं. पण तुमच्या गाडीची कॉइल केबिनमध्ये आहे आणि ती गळते असा संशय आहे. तो गॅस काचा बंद केलेल्या गाडीत साचला तर एक ठिणगी पुरे. डबा तुमच्यासमोर उघडू द्या, सीलबंद आणि नाव छापलेला असू द्या.

गळती सापडली, पार्ट आला, की उरलेलं काम काळजीचं आहे आणि इथेच बरीच दुकानं घाई करतात. उघडे पाइप लगेच टोप्यांनी बंद करायचे, कारण आर-१३४एबरोबर चालणारं पीएजी तेल हवेतली ओल झपाट्याने शोषतं, आणि रत्नागिरीच्या दमट हवेत तर बघायलाच नको. उघडलेल्या प्रत्येक जोडाची ओ-रिंग नवी, आर-१३४एला चालणाऱ्या रबराची, बहुतेक हिरव्या रंगाची. ती बसवण्याआधी खाच कापडाने पुसायची, रिंगला तेलाचं बोट फिरवायचं आणि मगच नट लावायचा. ग्रीस नको, टेफ्लॉन टेप तर नकोच. नट आवळताना दोन पाने लागतात, एकाने पाइप धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा. एकाच पान्याने आवळलं की ॲल्युमिनियमचा पाइप पिळला जातो आणि पुढच्या उन्हाळ्यातली गळती आजच तयार होते.

ड्रायर बदलायचाच. त्यात ओल शोषणारे दाणे असतात. तुमची गाडी इतक्या वेळा रिकामी होऊन भरलीय की ते दाणे केव्हाच भिजून संपलेत. ओल आत राहिली तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी तिचा बर्फ होतो: एसी वीस मिनिटं छान चालतो, मग अचानक गार यायचं थांबतं, गाडी बंद ठेवून पुन्हा चालू केली की परत छान. हा लपंडाव दिसला की ओल समजा. तेलाचाही हिशेब लागतो. बदललेल्या पार्टमध्ये जेवढं तेल अडकून गेलं तेवढंच नव्याने घालायचं, कॉइल किंवा कंडेन्सरसाठी ते काही चमचेच असतं. कोणत्या जाडीचं आणि किती, ते कॉम्प्रेसरवरच्या लेबलवर किंवा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघून ठरवायचं. जास्त तेलानेही गारवा कमी होतो.

मग पाऊण तास व्हॅक्यूम आणि शेवटी गॅस, वजनकाट्यावर. अंदाजाने नाही, "पाइप गार लागला की बस" असंही नाही. लहान गाडीत आधीच गॅस थोडा, त्यात पन्नास ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी फरक पडतो, आणि जास्त भरला तर हाय साइडचा दाब वाढून कॉम्प्रेसरवर ताण येतो. इंजिन चालू असताना डबा लो साइडलाच, म्हणजे कमी दाबाच्या बाजूला, उभा धरून लावायचा. त्या वेळी गेजचा हाय साइडचा नॉब उघडला तर दाब उलट डब्यात शिरून डबा हातात फुटू शकतो. हे मी प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी सांगतो. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे, कारण हा गॅस मोकळा झाला की उणे २६ अंशांना उकळतो आणि कातडी जाळतो.

काम झाल्यावर बाहेर ३५ अंश असताना मधल्या जाळीत थर्मामीटर लावून बघा, गाडी जरा चालवल्यावर ८ ते १२ अंशांच्या आसपास यायला हवं. तसं येत नसेल आणि गॅस वजनाने बरोबर असेल, तर कंडेन्सरचा पंखा तपासायला सांगा. जुन्या गाडीत पंख्याची मोटर थकलेली असते, सिग्नलला उभं राहिलं की हाय साइडचा दाब चढतो, आणि तोच दाब नव्या ओ-रिंगांना पुन्हा छळतो.

तुमची गाडी आर-१३४एचीच आहे, पण १९९०च्या दशकातली, आर-१२ या जुन्या गॅसवर चालणारी गाडी कुणाकडे असेल तर त्यात थेट आर-१३४ए भरू नका. जुनं खनिज तेल या गॅसबरोबर फिरत नाही. तेल काढून नळ्या धुणं, ड्रायर, ओ-रिंगा आणि भरायची तोंडं बदलणं हे सगळं करावं लागतं, जुने होज सच्छिद्र झाले असतील तर तेही, आणि मग गॅस मूळ वजनाच्या ऐंशी-नव्वद टक्केच भरायचा.

खर्च करावा का? खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि मग पाच-पाच वर्षांनी वाढते, म्हणजे तुमची नोंदणी २०२३ मध्ये वाढली असेल तर २०२८ पर्यंत गाडी आहे. गळती पिनेची, ओ-रिंगेची किंवा पाइपची निघाली, तर प्रश्नच नाही, करून टाका. दोन उन्हाळ्यांच्या टॉप-अपच्या पैशांत निघेल. कॉइल निघाली तरी मी करा म्हणेन, सोबत ड्रायर घालून. कंडेन्सर आणि कॉइल दोन्ही गंजलेले निघाले आणि कॉम्प्रेसरच्या तेलात राखाडी चकाकी दिसली, म्हणजे धातूचा कीस दिसला, तर मात्र थांबा. मग सगळंच बदलावं लागतं, आणि तो खर्च त्या गाडीच्या किमतीकडे बघून मी कुणाला करायला लावणार नाही. तेल बघणं सोपं आहे: पाइप सुटला की पांढऱ्या कापडावर चार थेंब टाकायला सांगा. हे तपासून होईपर्यंत एकही पार्ट मागवू देऊ नका.

एक शेवटचं. काम करून घेतलंत तर पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवा. काचेवरची वाफ जाईल आणि शाफ्टच्या सीलला तेल मिळत राहील. जून ते फेब्रुवारी बटणाला हात न लावलेल्या गाड्यांचं सील कोरडं पडतं आणि मार्चमध्ये त्या सगळ्या एकदम दुकानात येतात. शक्य असेल तर तुम्ही जानेवारीतच या किंवा तिथल्या चांगल्या दुकानात गाडी टाका. त्या दिवसांत मेकॅनिककडे रात्रभर नायट्रोजन भरून गाडी ठेवायला जागा असते, एप्रिलमध्ये नसते.